पोतं खपतंय, मग शेअर का पडतोय?

वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक

गेल्या अंकात गडहिंग्लजच्या एका वाचकाने अडचणीतल्या एका खत कंपनीच्या शेअरबद्दल विचारलं होतं. बँकांचे हप्ते थकलेत, दोनपैकी एक प्रकल्प बंद आहे, शेअर ६२ रुपयांवरून १८ वर आलाय, आणि त्यांना आणखी घ्यायचे आहेत. "खत जीवनावश्यक आहे, सरकार कंपनी बुडू देणार नाही," हा त्यांचा मुद्दा. त्यावर जिल्ह्यातून भरपूर पत्रं आली. काहींनी त्यांना दुजोरा दिला, काही त्यांच्यावर तुटून पडले. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कंपनीचं नाव छापलेलं नाही. अमुक शेअर घ्या किंवा विका असं सांगायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते, आणि ते या सदराचं कामही नाही. तपासायची रीत मात्र कुठल्याही खत कंपनीला लागू पडते.

प्रश्न : आडसाली उसाच्या लागणीच्या दिवसांत १०:२६:२६ या खतासाठी दुकानासमोर रांग असते. वर दुकानदार लिंकिंग करून नको ती औषधं गळ्यात मारतो. माल हातोहात जातोय आणि कंपनी तोट्यात? हिशेबात काळंबेरं आहे असं वाटतं.
– एक ऊस उत्पादक, कागल

उत्तर : काळंबेरं आहे का, हे कसं बघायचं ते पुढे दिलं आहे. पण मागणी भरपूर आणि कंपनी तोट्यात, हे खताच्या धंद्यात नवीन नाही. या धंद्यात पैसा दोन वाटांनी येतो. एक वाटा तुम्ही दुकानात देता, दुसरा केंद्र सरकार सबसिडी म्हणून कंपनीला देतं. दुसरा वाटा मोठा असू शकतो आणि तो उशिरा येतो. तोट्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

आधी युरिया. ४५ किलोच्या पोत्याची किंमत सरकारने २४२ रुपये ठरवली आहे. कडुनिंबाच्या लेपाचा खर्च आणि कर धरून ते दुकानात २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. २०१८ मध्ये ५० किलोचं पोतं ४५ किलोचं झालं, तेव्हापासून हा दर हललेला नाही. बनवायच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग नैसर्गिक वायूचा. खर्च आणि विक्री किंमत यांतला फरक सरकार भरून देतं, पण एका टनाला किती ऊर्जा लागावी याचं प्रमाण ठरवूनच. प्रकल्प जुना असेल आणि प्रमाणापेक्षा टनामागे अर्धी गिगाकॅलरी जास्त खात असेल, तर तो जादा वायू कंपनीच्या खिशातून जातो. अर्धी गिगाकॅलरी म्हणजे सुमारे २ एमएमबीटीयू (वायू विकायचं माप) वायू. एका एमएमबीटीयूचा भाव १२ डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला तर टनामागे २,०४० रुपये झाले. वर्षाला ४ लाख टन बनवणाऱ्या प्रकल्पाला हा फटका ८० कोटींच्या वर जातो. एकही पोतं पडून न राहता हा तोटा होतो. जेवढा माल जास्त, तेवढा फटका मोठा.

आता तुमचं १०:२६:२६. डीएपी आणि संयुक्त खतांना १ एप्रिल २०१० पासून पोषणमूल्यावर आधारित सबसिडी आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकाला किलोमागे किती रुपये, हे सरकार खरीप आणि रब्बीसाठी वेगवेगळं जाहीर करतं. २०२३ च्या खरिपात नत्राला ७६.४९, स्फुरदाला ४१.०३ आणि पालाशला १५.९१ रुपये होते. त्याच वर्षीच्या रब्बीत ते ४७.०२, २०.८२ आणि २.३८ झाले. ५० किलोच्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश. म्हणजे खरिपात एका पोत्याला साधारण १,१२३ रुपये सबसिडी होती, ती रब्बीत ५३७ वर आली. एका हंगामात ५८६ रुपये कमी.

हे शेताच्या मापाने बघा. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० (किलो नत्र, स्फुरद, पालाश) आहे. एकरी स्फुरद झालं ६८ किलो. ते सगळं १०:२६:२६ मधून द्यायचं तर सव्वापाच पोती लागतात, वर नत्र पुरं करायला साडेसहा पोती युरिया. सव्वापाच पोत्यांवरची कपात तीन हजारांच्या वर जाते. एका एकराच्या उसामागे एवढी रक्कम एक तर कच्चा माल स्वस्त मिळवून भरून काढायची, नाही तर पोत्याची किंमत वाढवायची, नाही तर तोटा सोसायचा. किंमत वाढवायलाही मर्यादा आहे. २०२४ च्या जानेवारीत सरकारने नफ्याची वाजवी पातळी घालून दिली : आयातदाराला ८ टक्के, उत्पादकाला १० टक्के आणि कच्च्या मालापासून सगळं स्वतः बनवणाऱ्याला १२ टक्के. त्याच्यावरचा नफा परत करावा लागतो. चांगल्या वर्षात वरून झाकण आणि वाईट वर्षात खालून आधार नाही, अशी ही रचना आहे. सबसिडीचा दर उतरला त्या दिवशी महागात बनवलेला माल गोदामात आणि दुकानदारांकडे जेवढा जास्त पडून असेल, तेवढा दणका मोठा.

आणि पैसे कधी मिळतात? २०१८ पासून सबसिडीचा दावा माल कारखान्यातून निघाल्यावर होत नाही. दुकानात शेतकऱ्याने आधारवर अंगठा लावला आणि पॉस मशीनवर विक्री नोंदली गेली की मग होतो. फॉस्फोरिक अ‍ॅसिड, रॉक फॉस्फेट, पोटॅश हे बाहेरच्या देशांतून येतं आणि त्याचे पैसे बँकेच्या एलसीवर, म्हणजे पुरवठादाराला बँकेने दिलेल्या हमीवर, डॉलरमध्ये द्यावे लागतात. म्हणजे मे महिन्यात अ‍ॅसिड घेतलं, जूनमध्ये खत बनलं, रेल्वेच्या रेकने गोदामात आलं, तुम्ही ऑगस्टमध्ये अंगठा लावला, मग दावा गेला. आर्थिक वर्षाच्या शेवटी सरकारची तरतूद संपली असेल तर पुरवणी मागण्या मंजूर होईपर्यंत थांबा. तोवर कंपनी बँकेच्या पैशावर जगते आणि व्याज भरते.

इथे एक धागा तुटला की सगळं उसवतं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग बँक नवी एलसी उघडत नाही. एलसी नाही तर अ‍ॅसिड नाही, अ‍ॅसिड नाही तर प्रकल्प बंद. पगार, वीज आणि व्याज चालूच. माल बनत नाही म्हणून नवे दावे नाहीत, दावे नाहीत म्हणून पैसा नाही. गेल्या अंकातल्या कंपनीने आपला दुसरा प्रकल्प "देखभालीसाठी" बंद असल्याचं कळवलं आहे. वार्षिक देखभाल काही आठवड्यांत उरकते. ती महिनोन्‌महिने चालली तर कारण यंत्रात शोधू नका, बँकेत शोधा.

म्हणून दुकानासमोरची रांग बघून शेअर घेऊ नका. रांग लागते तेव्हा माल कमी आलेला असतो, आणि कमी माल पाठवणाऱ्यांत हीच कंपनी असू शकते. लिंकिंगबद्दल : खताबरोबर दुसरा माल सक्तीने देणं बेकायदा आहे. पक्की पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न : "सरकार बुडू देणार नाही" हे वाचून राहवलं नाही. सरकार शेअरधारकाला वाचवतं असा एक तरी दाखला आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खत कंपनी सावरल्याचा दाखला आहे. कोचीजवळची फॅक्ट ही केंद्राची कंपनी कित्येक वर्षं तोट्यात होती, पुढे नफ्यात आली. पण तिथे ९० टक्के मालकी केंद्र सरकारची आहे, सरकारी कर्जाचा टेकू होता, आणि केरळ सरकारला विकायला जमीन होती. गडहिंग्लजच्या वाचकांनी विचारलेली कंपनी खाजगी आहे. तिच्यामागे यातलं काय आहे, ते आधी बघावं.

उलटा दाखला जास्त बोलका आहे. फर्टिलायझर कॉर्पोरेशन आणि हिंदुस्थान फर्टिलायझर या सरकारच्या स्वतःच्या कंपन्या. त्या बंद करायचा निर्णय २००२ मध्ये सरकारनेच घेतला. सिंद्री, गोरखपूर, रामगुंडम, बरौनी इथे आज पुन्हा युरिया बनतो, पण नव्या कंपन्यांच्या नावाने. सरकारला काळजी खताच्या पुरवठ्याची असते. पुरवठा चालू राहिला म्हणजे जुनी कंपनी वाचली असं होत नाही.

प्रकल्प चालू राहून मालक बदलतो, हे खाजगी क्षेत्रातही घडतं. गोव्याचा झुआरीनगरचा खत प्रकल्प २०२२ मध्ये झुआरी अ‍ॅग्रोकडून पारादीप फॉस्फेट्सकडे गेला. आपल्याकडच्या दुकानांत झुआरीच्या जयकिसान या नावाची पोती त्यानंतरही दिसतात. पोत्यावरचं नाव तेच असलं तरी आतली कमाई आता कोणाच्या ताळेबंदात जाते, हे शेअरधारकाला माहीत हवं.

प्रश्न : माझ्याकडे ६२ च्या भावाने ५०० शेअर आहेत. आता १८ ला आणखी ५०० घेतले तर सरासरी ४० होते. भाव ४० ला आला की मुद्दल सुटेल. यात चूक काय?
– मूळ पत्रलेखक, गडहिंग्लज

उत्तर : बेरीज बरोबर आहे. ३१,००० अधिक ९,००० म्हणजे ४०,००० आणि शेअर १,०००. पण १८ चे ४० व्हायला भाव १२२ टक्के चढायला हवा. तुमची सरासरी ४० आहे हे बाजाराला ठाऊक नाही. कंपनीच्या धंद्यात त्या आकड्याला काही अर्थ नाही.

प्रश्न असा मांडून बघा : हे ५०० शेअर आज तुमच्याकडे नसतेच, तर हातातले ९,००० रुपये याच कंपनीत घातले असते का? उत्तर "हो" असेल तर त्यामागे कारण हवं आणि ते कागदावर दिसायला हवं : बँकांनी कर्जफेडीची नवी मुदत मान्य केली, बंद प्रकल्प सुरू झाल्याचं शेअर बाजाराला कळवलं, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी, स्वतःचे पैसे घातले. "भाव फार पडलाय" हे कारण नव्हे. ६२ वरून १८ ला येणारा शेअर ७१ टक्के पडलेला असतो. १८ वरून ५ ला गेला तर त्या १८ मधून पुन्हा ७२ टक्के जातात.

प्रश्न : आमच्या वडिलांनी साखर कारखान्याचा शेअर चाळीस वर्षं जपला. ऊस जातो, साखर मिळते. ते म्हणतात हाही शेअर तसाच ठेवून द्यायचा. घरात यावरून रोज वाद आहे.
– एक वाचक, करवीर

उत्तर : वडिलांचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या कागदाचा आहे. सहकारी कारखान्याचा शेअर म्हणजे सभासदत्व. एका सभासदाला एकच मत, लाभांशावर कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा, आणि दर्शनी किंमत रोज वरखाली होत नाही. खरा फायदा ऊस गाळपाला जाण्यात आणि सवलतीच्या साखरेत असतो. खत कंपनीच्या शेअरवर तुम्हाला एक पोतंही सवलतीत मिळत नाही. तिथे तुमचा हक्क फक्त उरलेल्या पैशावर : पुरवठादार, कामगार, बँका, सरकार यांचं भागल्यावर काही राहिलं तर. तिथे "ठेवून देणं" हाही दरवर्षी नव्याने घ्यायचा निर्णय आहे. पुढच्या उत्तरात सांगितलेली कागदपत्रं वडिलांसमोर बसून वाचा. वाद आकड्यांवर आला की बोलणं सोपं जातं.

प्रश्न : वार्षिक अहवाल तीनशे पानांचा आहे, इंग्रजीत. सामान्य माणसाने नेमकं काय बघायचं?
– एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : चेअरमनचं भाषण आणि हिरव्या शेतांचे फोटो सोडून द्या. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, शेअरहोल्डिंग पॅटर्न आणि कंपनीने केलेल्या घोषणा तिथे फुकट मिळतात.

अहवालात पहिल्यांदा लेखापरीक्षकाचा अहवाल उघडा आणि "गोइंग कन्सर्न" हे शब्द शोधा. त्यांच्या आधी "मटेरियल अनसर्टन्टी" असं आलं असेल, तर कंपनी पुढचं वर्ष चालू राहील का याबद्दल लेखापरीक्षकाला मोठी शंका आहे. लेखापरीक्षक ही ओळ सहजासहजी लिहीत नाहीत. "क्वालिफाइड ओपिनियन" असेल तर कुठल्या रकमेवर मतभेद आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. जुन्या सबसिडीची येणी वसूल होतील की नाही, बँकेचं व्याज खर्चात धरलं की नाही, अशा बाबी तिथे सापडतात. व्याज न धरता दाखवलेला तोटा हा पूर्ण तोटा नसतो.

त्याच अहवालाला कारो नावाचं परिशिष्ट असतं. बहुतेक जण ते वाचत नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते. कलम ९ मध्ये कर्जाचा हप्ता चुकला असेल तर कोणत्या बँकेचा, किती रकमेचा आणि किती दिवसांचा, याचा तक्ता असतो. कलम २ मध्ये बँकेला दर तिमाहीला दिलेलं माल आणि येण्यांचं विवरण कंपनीच्या वह्यांशी जुळतं का, हे सांगावं लागतं. बँकेला जास्त माल दाखवून जास्त उचल घेतली असेल तर ती इथे उघडी पडते. कागलच्या वाचकांची "काळंबेरं" ही शंका तपासायची जागा हीच. कलम ७ मध्ये प्रॉव्हिडंट फंड, जीएसटी अशी थकबाकी येते. कामगारांचा फंड थकवणारी कंपनी रोख पैशाला किती मोताद झाली आहे ते वेगळं सांगायला नको. कलम १९ मध्ये वर्षभरात येणारी देणी भागवता येतील का, यावर लेखापरीक्षकाचं मत असतं.

मग ताळेबंदातली सबसिडीची येणी घ्या. समजा वर्षाचं सबसिडीचं उत्पन्न १,१०० कोटी आणि ३१ मार्चला येणं ५०० कोटी. ५०० भागिले १,१०० गुणिले ३६५, म्हणजे १६६ दिवसांची सबसिडी अडकली आहे. मार्चचा आकडा मागच्या मार्चशीच ताडून बघा, कारण धंदा हंगामी आहे. पुढे टिपांमध्ये येण्यांचं वय दिलेलं असतं : सहा महिन्यांच्या आतलं, वर्षाच्या वरचं, तीन वर्षांच्या वरचं. तीन वर्षांपूर्वीची सबसिडी अजून "येणे" दिसत असेल तर तो दावा वादात असण्याची शक्यता मोठी. ती रक्कम नक्त मत्तेतून (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्यातून) मनातल्या मनात वजा करून बघा. पुष्कळदा तिथेच नक्त मत्ता उणे होते.

रोख प्रवाहाचं पान सोडू नका. नफा-तोटा पत्रकात नफा आणि धंद्यातून आलेली रोख मात्र उणे, असं सलग दोन-तीन वर्षं असेल तर नफा कागदावरच आहे. जमीन विकून आलेला पैसा "एक्सेप्शनल आयटम" या नावाखाली नफ्यात मिसळलेला असतो, तो काढून उरलेला आकडा बघा.

शेवटी दोन कागद अहवालाबाहेरचे. शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला येतो. त्यात प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत याचा रकाना असतो. तारण ७०-८० टक्क्यांवर असेल तर भाव पडला की कर्ज देणारा ते शेअर बाजारात ओततो आणि भाव आणखी पडतो. आणि क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळावर कंपनीचं पतमानांकन टिप्पणीसह फुकट वाचता येतं. "डी" म्हणजे हप्ता चुकला. "इश्युअर नॉट को-ऑपरेटिंग" असा शेरा असेल तर कंपनी मानांकन संस्थेलाही माहिती देत नाही. हा शेरा दिसला की आमच्या मते नवे पैसे घालायचा विचार तिथेच थांबवावा.

प्रश्न : तीन दिवस विकायला टाकतोय, ऑर्डर पुरी होत नाही. ब्रोकर म्हणतो "टी टू टी" आहे.
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : शेअर बाजाराने हा शेअर देखरेखीखाली घेतला आहे. ट्रेड टू ट्रेड गटात त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही आणि भावाची मर्यादा सहसा ५ टक्के असते. १८ रुपयांचा शेअर एका दिवसात १७.१० च्या खाली जात नाही. सगळेच विकायला बसले आणि घेणारा नसला की तो तिथेच अडकतो. ऑर्डरी भाव आणि वेळ या क्रमाने लागतात, म्हणून आदल्या रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाकून ठेवा, त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेच्या भावाने. दुपारी टाकलेली ऑर्डर रांगेच्या शेवटी जाते. एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे बघा, कधी एका ठिकाणी घेणारा मिळतो. देखरेखीच्या वरच्या टप्प्यात आठवड्यातून एकदाच व्यवहार होतो, तेव्हा टप्पा कोणता ते ब्रोकरकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : डीमॅट खात्यात कंपनीच्या नावापुढे "आरई" लिहिलेलं काहीतरी जमा झालंय. मी काही घेतलेलं नाही.
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : तो राइट्स इश्यूचा, म्हणजे कंपनी जुन्या शेअरधारकांना देऊ करत असलेले नवे शेअर घेण्याचा, हक्क आहे आणि त्याला मुदत आहे. पैसे भरून शेअर घ्या, किंवा हक्क बाजारात विका. काहीच केलं नाही तर तो रद्द होतो आणि एक पैसाही मिळत नाही. गप्प बसणं हा सगळ्यात तोट्याचा पर्याय.

हिशेब असा. तुमच्या पत्रातल्याप्रमाणे दोन शेअरमागे एक नवा, १२ रुपयांना. बाजारभाव १८ असेल तर (१८ + १८ + १२) भागिले ३, म्हणजे हक्क सुटल्यावर भाव १६ च्या आसपास यायला हवा आणि एका हक्काची किंमत ४ रुपयांच्या जवळ. ५०० शेअरवर २५० हक्क म्हणजे साधारण हजार रुपये झाले. ते सोडून देऊ नका. हक्कांचा व्यवहार इश्यू बंद व्हायच्या काही दिवस आधीच थांबतो, शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

पैसे भरायचे तर अर्ज अस्बामधून, म्हणजे बँकेत रक्कम अडकवून करावा लागतो. तुमचं खातं सहकारी बँकेत असेल तर तिथे अस्बाची सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेतल्या स्वतःच्या खात्यातून करा. भरण्याआधी ऑफर लेटरमधलं "ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू" हे पान वाचा. पैसा अ‍ॅसिड आणि रॉक फॉस्फेट घ्यायला जाणार असेल तर प्रकल्प चालू होईल. प्रवर्तकांनी आधी दिलेलं कर्जच शेअरमध्ये वळवून घेत असतील, तर कंपनीत त्यांच्याकडून नवा रुपया येत नाही. रोख येते ती तुमच्यासारख्यांकडून.

प्रश्न : प्रकरण एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेलं तर शेअरचं काय? भाव तर तेव्हाही चालू असतो म्हणे.
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : एक कोटी किंवा त्याहून जास्त रक्कम थकली की कर्जदाता दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करू शकतो. न्यायाधिकरणाने अर्ज मान्य केल्यावर संचालक मंडळाचे अधिकार नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे जातात आणि खरेदीदार शोधला जातो. कायद्याने मुदत जास्तीत जास्त ३३० दिवस, प्रत्यक्षात वर्षं जातात. पैसे वाटायची उतरंड कलम ५३ मध्ये आहे : प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका, इतर कर्मचारी, बिनतारण कर्ज, सरकारी देणी, बाकीची देणी, प्रेफरन्स शेअर आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. दावे २,४०० कोटींचे आणि खरेदीदार देतोय ९०० कोटी, तर तुमच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

तरी शेअरचा व्यवहार चालू राहतो आणि "मोठा उद्योगसमूह घेणार" म्हटलं की भाव उसळतो. खरेदीदार कंपनी घेतो, तुमचे शेअर नव्हे. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत २०२१ साली जुने शेअर शून्य झाले. रुची सोया या खाद्यतेल कंपनीत कंपनी जगली, शेअरही जगला, पण जुन्या १०० शेअरचा एक झाला. टेलिग्रामवर "रुची सोयासारखं होणार" म्हणून जे संदेश फिरतायत त्यात हा एक-शंभरचा हिशेब लिहिलेला नसतो. संदेश पाठवणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

प्रश्न : विकून तोटा दाखवला तर करात उपयोग होतो का?
– एक वाचक, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : होतो, पण शेअर किती दिवस जवळ होता यावर. बारा महिन्यांच्या आतला तोटा अल्पकालीन. तो अल्प आणि दीर्घ दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा होतो. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे, त्यामुळे तिथे चांगली बचत होते. वर्षाच्या वरचा तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो. त्या नफ्यातले पहिले सव्वा लाख तसेही करमुक्त असतात. तुमचा नफाच सव्वा लाखाच्या आत असेल तर तोटा दाखवून त्या वर्षी हाती काही लागत नाही. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. उत्पन्न करपात्र नसलं तरी अशा वर्षी विवरणपत्र भरा.

सरासरी खाली आणण्यासाठी ज्यांनी दोनदा खरेदी केली आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. डीमॅट खात्यात आधी आलेला शेअर आधी विकला असं धरतात. गडहिंग्लजच्या वाचकांनी आणखी ५०० घेतले आणि नंतर १८ च्या भावाने ५०० विकले, तर विकले गेलेले शेअर ६२ रुपयांचे धरले जातील आणि तोटा २२,००० रुपयांचा लागेल. तो दीर्घकालीन की अल्पकालीन, हे त्या पहिल्या खरेदीच्या तारखेवर ठरेल. ब्रोकरच्या अ‍ॅपवर दिसणारी ४० ची सरासरी विवरणपत्रात चालत नाही. ब्रोकरकडून वर्षाचं भांडवली नफ्याचं पत्रक मागवा आणि त्यातली प्रत्येक खरेदीची तारीख कॉन्ट्रॅक्ट नोटशी जुळवून घ्या.